फागू मास्तरांनी आखलेली पदवी

फागू मास्तरांच्या खोलीत शिरताना दारातच उभं राहून विचारावं लागे, "मास्तर, पाय कुठं ठेवू?" न विचारता कुणी आत आलं की ते ओरडत, "अरे, मालकंसावर उभा राहून राहिला ना तू!" आणि त्याच्या पायाखाली खरोखरच मालकंस असे. बिडीच्या बंडलांना चिकटवायची लेबलं छपाईत बिघडली की कारखान्यातून रद्दीत निघत. मास्तर ती मागून आणत. एका बाजूला डोकं तुटलेला लाल सिंह, दुसरी बाजू कोरी. त्या कोऱ्या बाजूवर ते एकेका रागाचं नाव लिहीत आणि शिंदीच्या चटईवर चार ओळींत मांडत. एक ओळ म्हणजे एक वर्ष. अशी चार वर्षं त्यांच्या खोलीभर पसरलेली असत आणि उडू नयेत म्हणून प्रत्येकावर एक चिंचोका ठेवलेला असे.

ही संगीताच्या पदवीची आखणी होती. गोंदियात तेव्हा नवं कॉलेज निघालं होतं. आमचा भाग अजून मध्य प्रदेशात होता आणि कॉलेजचे प्राचार्य जबलपूरकडचे, हिंदी बोलणारे गृहस्थ होते. ललित कलांचा एक विभाग काढावा, त्यात चित्रकला आणि संगीत शिकवावं आणि त्याची पदवी मिळावी, असं त्यांच्या मनात आलं. चित्रकलेचा अभ्यासक्रम त्यांनी दुसऱ्या एका कॉलेजातून मागवला. संगीताचा मात्र काही मिळेना. मग ते स्वतः मास्तरांच्या खोलीवर आले आणि दारातच उभे राहून म्हणाले, "मास्टरजी, चार साल का कोर्स बना दीजिए. विद्यापीठ को भेजना है." मास्तरांनी विचार करायलाही वेळ घेतला नाही. "देतो ना जी," म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी लेबलं आणायला गेले.

मास्तर मूळचे चिचगडचे. गावाला लागूनच जंगल, घरी थोडी धानाची शेती. तरुणपणी ते दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या नाचगाण्याच्या खेळात, पेटी वाजवत गावोगाव फिरले. मग डोंगरगडला एक म्हातारे खाँसाहेब राहतात, कुठल्याशा संस्थानातून निवृत्त झालेत, असं ऐकलं आणि पेटी पाठीला बांधून तिकडे गेले ते आठ वर्षं राहिले. "दोन वर्सं मी फक्त पानी भरलो अना आयकलो," ते सांगत. "तिसऱ्या वर्सी खाँसाहेब म्हनले, आता सा लाव. मी लावलो. ते म्हनले, आनखी एक वर्स पानी भर." हे सांगताना ते हसत नसत. त्यांना हसताना मी फार कमी पाहिलं. उंच, काटकुळा माणूस, पेटीवर वाकून वाकून पाठीला पोक आलेला. बायको गावी शेती बघायची. ती शहरात कधी आली नाही.

मी आणखी दोन-तीन मुलींबरोबर त्यांच्याकडे गाणं शिकत होते आणि त्या वर्षी मॅट्रिकला बसले होते. आमची शेती सडक अर्जुनीकडे आणि वडिलांचं धान्याचं दुकान गोंदियात. वडील वाईट नव्हते, पण मुलीच्या जातीनं गावं हे त्यांना पटत नव्हतं. लग्नाची स्थळं यायला लागली होती. एक दिवस ते दुकानातून उठून मास्तरांकडे आले आणि सरळ विचारलं, "मास्तर, या गान्याची डिगरी भेटन का?"

"भेटन ना जी. मी तेच तं करून राहिलो."

"भेटन तं शेवंता शिकन. डिगरी म्हंजे शिक्षन हाये, त्याले मी नाही म्हनत नाही. नाई भेटली तं तिचं गानं बंद, अना मी येत्या उन्हाळ्यात लगन लावतो. मंग मले बोल लावू नका."

वडील दुकानात परतल्यावर मास्तर चटईकडे बघत उकिडवे बसले. मग मला म्हणाले, "आयकली ना? आता पटपट चिंचोके धू." माझं पुढचं सगळं आयुष्य त्या लेबलांवर ठरायचं होतं, हे आम्हा दोघांनाही त्या दिवशी कळलं.

ती आखणी तीन महिने चालली. एखादं लेबल दुसऱ्या वर्षातून तिसऱ्यात सरकवायचं तर मास्तर आधी तो राग तासभर गाऊन बघत. यमन पहिल्या वर्षी घालायला ते तयार नव्हते. "सारेच यमनापासून करतात. मी भूप शिकवीन. पाचच सूर. त्यात लपाले जागा नाही." मारवा, तो दिवेलागणीचा उदास राग, तिसऱ्या वर्षाला. मी कारण विचारलं तर म्हणाले, "तोवर पोराच्या घरचं कोनीतरी गेलं असते. नाई गेलं तं चवथ्या वर्साले शिकवू." मी घाबरून पुढचा चिंचोका धुवायला घेतला. चार वर्षांचे मिळून त्यांनी बाराच राग ठेवले होते. दुसऱ्या एका विद्यापीठाच्या छापील कागदावर चाळीस होते. तो कागद पाहून म्हणाले, "चाळीस गावाले गेला अना एकाही घरी जेवला नाही, असा मानूस होते याच्यानं."

दुसऱ्या वर्षाच्या ओळीत एक लेबल मात्र रागाचं नव्हतं. त्यावर लिहिलं होतं, रोवणा. धानाची रोपं रोवायचा हा रोवणा चालू असताना बाया पाणी भरलेल्या बांधीत वाकून गातात, ती गाणी. मास्तरांचं म्हणणं, वर्गातल्या मुलांना आषाढात आठ दिवस बांधीवर न्यायचं आणि गुडघाभर चिखलात उभं करून बायांबरोबर पऱ्हे रोवायला लावायचं. "पाय रुतून राहिला, कंबर मोडून राहिली, अना लय तिळभर हालत नाही. हे जमन तेव्हा तालाचं पुस्तक वाचा." प्राचार्यांनी हे वाचलं आणि कपाळाला हात लावला. "मास्टरजी, ये खेती है, संगीत नहीं." मास्तर म्हणाले, "साहेब, एक डाव येऊन आयका." प्राचार्य ऐकायला आले नाहीत आणि ते लेबल उचलावं लागलं. मास्तरांनी ते उचललं, घडी घालून खिशात ठेवलं आणि त्या दिवशी आम्हाला शिकवलं नाही.

पक्का कागद मी लिहिला. मास्तरांचं अक्षर त्यांचं त्यांनाच लागत नसे आणि माझ्या अक्षराला शाळेत बक्षीस होतं, याचा मला तोरा होता. विद्यापीठाचा छापील अर्ज होता. त्यात पुष्कळ खाने: विषयाचं नाव, वर्षं, तास, वाद्यं, खोल्या. मास्तर सांगत गेले, मी भरत गेले. शेवटी एक खाना उरला. शिक्षकाची पात्रता.

मास्तर म्हणाले, "हे काय असते?" मी म्हणाले, शिकवणारा किती शिकलेला हवा ते लिहायचं. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "राहू दे कोरा. त्यात काय लिवाचं? गानं येत असन त्यानं शिकवावं." आणि ते पाणी आणायला विहिरीवर गेले.

अर्ज दुसऱ्या दिवशी जायचा होता. वर ठळक छापलेलं होतं की अपुरा अर्ज परत येईल. परत आला तर वर्ष जाणार, आणि वर्ष गेलं तर माझं लग्न. चित्रकलेचा भरलेला अर्ज नमुन्यासाठी माझ्यापुढं होता. त्यात त्या खान्यात लिहिलं होतं, "विषयाचा पदवीधर." मी माझ्या बक्षिसाच्या अक्षरात लिहिलं, "संगीत विषयाचा पदवीधर." मास्तरांचा विचार माझ्या मनात आलाच नाही. शिकवणार तर मास्तर, हे मला सूर्य उगवण्याइतकं उघड वाटत होतं. गाव त्यांना आधीच प्रोफेसर म्हणायला लागलं होतं. त्यामुळं हा खाना कुण्या माणसाबद्दल आहे असं मला वाटलंच नाही, तो भरायचा आहे एवढंच कळत होतं. सोळा वर्षांच्या मुलीचा शहाणपणा.

मास्तर आले, हात पुसले आणि बोट ठेवून एकेक ओळ वाचायला लागले. त्या ओळीवर बोट थांबलं.

"हे तू लिवली का?"

"हो मास्तर. चित्रकलेच्या अर्जावर असंच आहे. कोरं ठेवलं तर परत येतो म्हणे."

त्यांनी माझ्या हातातला टाक घेतला. मग म्हणाले, "अक्षर अच्छं आहे तुजं," आणि खाली सही केली. मला वाटलं, माझं कौतुक झालं.

विद्यापीठाची समिती आली, खोल्या बघून गेली. पावसाळ्याच्या तोंडावर मंजुरीचं पत्र आलं. मास्तरांनी बंद गळ्याचा काळा कोट शिवून घेतला. तो खांद्यात इतका सैल होता की आम्ही मुली तोंडावर पदर धरून हसलो. "वर्गात जाचं तं कपडा पायजेन ना," ते म्हणाले. वडिलांनी पत्र दोनदा वाचून घेतलं, आलेल्या स्थळाला नकार कळवला आणि मला नवीन साडी आणली. इतका आनंदाचा आठवडा आमच्या घरात त्याआधी आलेला मला आठवत नाही.

प्रवेश घ्यायला मी कॉलेजात गेले तेव्हा मास्तर तो कोट घालून प्राचार्यांच्या टेबलापुढं उभे होते. तास कधीपासून घेऊ, हे विचारायला आले होते. प्राचार्यांनी खुर्ची पुढं केली, पाणी मागवलं. भला माणूस होता. शेवटी त्यांनी कागदांतून आमचा अर्ज काढला आणि त्या ओळीवर पेन्सिल टेकवली.

"मास्टरजी, मैं क्या करूँ? पदवीधर चाहिए. ये तो आप ही ने लिखा है. नीचे आपके दस्तख़त हैं."

मी दारात होते. माझं अक्षर मला तिथून दिसत होतं. मास्तर आता मागं वळून बघतील असं मला वाटलं. त्यांनी बघितलं नाही. कागद पुन्हा एकदा बोट ठेवून वाचला आणि म्हणाले, "हो जी. बराबर आहे. माजीच सही आहे."

प्राचार्यांनी अडखळत सांगितलं की वर्गाला पेटीवर साथीदार लागेलच, त्याला पदवीची अट नाही. मास्तर म्हणाले, "वाजवीन ना." ही ओळ मी लिहिली, मास्तरांनी कोरं ठेवायला सांगितलं होतं, असं म्हणायला मला दोन पावलं पुढं जायचं होतं. मी गेले नाही. बोलले तर मंजुरीच रद्द होईल, ही भीती होती. ती भीती खरी होती का, हे मी कधी शोधूनही बघितलं नाही. तो दिवस आठवला की आजही मला स्वतःचा राग येतो, आणि तो कमी व्हावा असं मला वाटत नाही.

नवे प्रोफेसर बाहेरून आले. तरुण होते, सभ्य होते. त्यांना दोष द्यायला मला फार आवडलं असतं, पण जागा मिळत नाही. पहिल्याच दिवशी अभ्यासक्रम वाचून ते म्हणाले, "इतकी समजून केलेली आखणी मी कुठं पाहिली नाही. कुणी केली?" मी वही उघडून तारीख लिहिली. मास्तर मागं पेटीचा भाता साफ करत बसले होते.

चार वर्षं ते मागं बसले. वर्गात बोलायचा त्यांना अधिकार नव्हता. सुरुवातीला कुणाचा सूर चुकला की त्यांची पेटी थांबायची. आम्हाला कळायचं, आम्ही सुधारून घ्यायचो. प्रोफेसरांच्या लक्षात आलं तेव्हा ते अगदी नम्रपणे म्हणाले, "मास्तर, मध्ये थांबू नका, मुलांची लय तुटते." त्यानंतर पेटी कधी थांबली नाही. आम्ही कितीही बेसूर गायलो तरी ती आमच्यामागून चालत राहायची. त्याइतकं वाईट मला दुसऱ्या कशाचंच वाटलं नाही. संध्याकाळी खोलीवर गेलं तर ते शिकवत, पण आता लेबलं नव्हती आणि पाय कुठं ठेवू हे विचारायची गरजही नव्हती.

मारवा ठरल्याप्रमाणे तिसऱ्या वर्षी आला. त्या वर्षी माझे वडील गेले. मास्तर भेटायला आले, ओसरीवर बसले आणि जाताना एवढंच म्हणाले, "आता शिक." त्या वर्षी मारवा मी त्यांच्याकडूनच शिकले. प्रोफेसर तो वर्गात लिहून देत, आणि गाणं मी संध्याकाळी मास्तरांपुढं बसून गोळा करी.

शेवटच्या परीक्षेला बाहेरगावचे वयस्क परीक्षक आले होते. मी मारवा गायले. पेटीवर मास्तर. गाणं संपलं तशी परीक्षकांनी लेखणी खाली ठेवली. मग चष्मा काढून विचारलं, "बाई, हा मारवा कुणाचा? तुमचे गुरू कोण?"

परीक्षेच्या अर्जावर शिक्षकाचं नाव प्रोफेसरांचं होतं. ते शेजारीच बसले होते. मास्तर हातभर अंतरावर. मी प्रोफेसरांचं नाव सांगितलं. परीक्षकांनी प्रोफेसरांकडे बघून मान डोलावली, आणि मास्तरांनी पुढच्या विद्यार्थ्यासाठी पेटीवर सा धरला.

बाहेर आवारात आल्यावर मला रडू आवरेना. मास्तर पेटी खांद्याला लावून आले. "रडून कायले राहिली? बराबर सांगतलीस. कागदावर जे आहे तेच सांगावं लागते."

तेव्हा मी चार वर्षं गिळलेलं सगळं बोलून टाकलं. तो खाना मी भरला, तुम्ही कोरा ठेव म्हणाला होता, माझ्यामुळं तुमची जागा गेली.

"मले मालूम होता," ते म्हणाले. "सही करतानाच समजलो मी."

"मग केली कशाला सही?"

"कोरा ठेवला असता तं कागद वापस आला असता ना पोरी. तुज्या बापानं उन्हाळ्यात लगन लावलं असतं. मी काय, मी तं कुठंही वाजवतो." आणि पेटी दुसऱ्या खांद्यावर घेऊन चालायला लागले. त्यांनी मला "पोरी" म्हटलेलं ते शेवटचं.

निकाल लागला. आमच्या वर्गात पदवी मिळालेली मी एकटी. त्याच उन्हाळ्यात प्रोफेसर आपल्या गावाकडच्या कॉलेजात निघून गेले आणि त्यांच्या जागी, पात्रतेची अट पूर्ण करणारी म्हणून, माझी नेमणूक झाली. पहिल्या तासाला मी वर्गात गेले. मास्तर तो सैल कोट घालून पेटीमागं बसलेले होते. मला बघून ते उठून उभे राहिले. मुलांच्या देखत.

"बाई, कोनत्या सुरात धरू? सांगा तुमी."

मी त्यांच्याजवळ जाऊन हळूच म्हणाले, मास्तर, तुम्हीच शिकवा, मी मागं बसते. त्यांनी मान हलवली. "नाही जी. तसं चालत नाही." मी भूप शिकवायला लागले. पेटी माझ्यामागून निमूट येत होती.

हिवाळा संपता संपता त्यांना खोकला लागला. श्वास पुरेना, भाता ओढवेना. रजेचा अर्ज द्यायला ते माझ्याकडे आले, कारण आता विभाग माझ्याकडे होता. मी सही केली. ते चिचगडला गेले आणि परत आले नाहीत. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी देवरीपर्यंत मोटारीनं आणि पुढं बैलगाडीनं त्यांना बघायला गेले. मोहाच्या झाडाखाली खाटेवर पडले होते. मला बघताच बायकोला म्हणाले, "उठव मले. प्रोफेसर बाई आल्या." मी नको नको म्हणत असताना ते खाटेवरून उतरले, जमिनीवर बसले आणि मला खाटेवर बसायला लावलं.

मी रडतच म्हणाले, "मास्तर, मला पहिल्यासारखं तू म्हणा. एकदा तरी म्हणा."

त्यांना धाप लागली होती. बोलायला वेळ लागला.

"असं कसं बाई? तुमी डिगरीवाल्या आहात. चार वर्सं मीच आखलो ना ती डिगरी. मीच तिले मान नाही देल्लो तं मंग आखलो कायले?"

मी खाटेवर बसून राहिले. ते खाली बसले होते आणि त्यांची बायको आम्हा दोघांना पाणी देत होती, आधी मला.

महिन्याभरानं ते गेले. शेवटपर्यंत त्यांनी मला पुन्हा तू म्हटलं नाही.